लूर्ड्सच्या ढालीवरील गरुड आणि मासा



११ फेब्रुवारी हा लूर्ड्स मातेचा सण. त्या निमित्ताने बर्नादेत, मासाबिएलची गुहा, झऱ्याचे पाणी यांविषयी आपण दरवर्षी ऐकतो. आज त्या गावाचे मानचिन्ह पाहू या.

बिशपांच्या पत्राच्या माथ्यावर ढालीच्या आकाराचे मानचिन्ह असते, तसेच फ्रान्समध्ये गावांचेही असते. लूर्ड्सची ढाल लाल रंगाची. तिच्यावर खडकावर उभे असलेले तीन सोनेरी बुरूज. मधला उंच, त्यावर पंख पसरलेला काळा गरुड आणि त्याच्या चोचीत रुपेरी मासा. पवित्र मरिया नाही, गुहा नाही, क्रूसही नाही! कारण या चित्रामागची कथा १८५८ च्या दर्शनांहून कितीतरी जुनी आहे.

कथा अशी : इ. स. ७७८ मध्ये राजा शार्लमेनने लूर्ड्सच्या गडाला वेढा घातला. गड मिरात नावाच्या मुसलमान सरदाराच्या ताब्यात होता. कोणाही मर्त्य माणसापुढे शरण जाणार नाही, अशी त्याची शपथ होती. गडावरचे धान्य संपत आले. एके दिवशी एका गरुडाच्या चोचीतून ट्राउट मासा गडावर पडला. मिरातने तो खाल्ला नाही. राजाकडे पाठवून दिला. आमच्याकडे ताजे मासे आहेत, खुशाल बसा वेढा घालून! राजा निराश झाला, पण ल प्युई येथील बिशपांनी हा डाव ओळखला. ते मिरातला भेटले आणि म्हणाले, माणसाला नको, स्वर्गाच्या राणीला शरण जा. मिरातने ल प्युईच्या मातेच्या चरणी शस्त्रे ठेवली, बाप्तिस्मा घेतला आणि लोरुस हे नाव धारण केले. त्यावरून गावाचे नाव लूर्ड्स पडले, असे सांगतात.

शार्लमेन ७७८ मध्ये पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये गेला, हा इतिहास आहे. मिरात आणि मासा ही आख्यायिका. १०६२ मध्ये बिगोरच्या सरदाराने आपला मुलूख ल प्युईच्या मातेच्या आश्रयाखाली ठेवला होता. त्या नात्याला आधार म्हणून ही कथा वाढली असावी, असे आम्हांला वाटते.

मासा हे ख्रिस्ताचे प्राचीन चिन्ह, म्हणून तोच अर्थ येथे लावण्याचा मोह होतो. पण तो ओढूनताणून आणलेला होईल. हा मासा म्हणजे भुकेल्या माणसाने मारलेली थाप आहे!

कथेतील बिशप तलवारीने नव्हे, शब्दाने गड जिंकतात. प्रत्यक्षात याच शार्लमेनने ७८२ मध्ये वेर्डन येथे ४,५०० सॅक्सन लोकांची कत्तल करविली, असे त्याच्याच दरबारची बखर सांगते. बाप्तिस्मा नाकारणाऱ्या सॅक्सनांना त्याने देहदंडही ठरविला होता. लोकांनी मात्र जपून ठेवली ती मिरातची गोष्ट. तरीही एक प्रश्न उरतोच : उपाशी माणसाने दिलेला होकार कितपत मोकळा?

पुढे हा गड कैदखाना झाला. १८५८ मध्ये माता गडावर नव्हे, तर गावाबाहेर नदीकाठी, जेथे लोक डुकरे चारीत, त्या खडकात प्रकटली. जिला दर्शन झाले, त्या बर्नादेतचे कुटुंबही तेव्हा जुन्या तुरुंगाच्या एका खोलीत राहत होते. गडावर १९२१ पासून पिरेनीज प्रदेशाचे संग्रहालय आहे. लूर्ड्सच्या यात्रेला जाणाऱ्यांनी थोडा वेळ काढून तेही पाहावे.