हवेचा स्क्रू

मशीन बंद पडलं ते देवबागच्या संगमाच्या थोडं अलीकडे, ओहोटी लागल्यावर. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ओहोटीचं पाणी बाहेर धावतं आणि समोरून लाट आत येते. त्या तोंडाशी बंद मशीनची होडी घेऊन जाऊ नये, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मी मात्र नांगर टाकायचा सोडून स्टार्टरची दोरी ओढत बसलो. वीस-पंचवीस वेळा तरी ओढली असेल. मान वर केली तेव्हा किनाऱ्यावरचे ओळखीचे माड मागे सरकले होते. रापणकरांच्या एका होडीने दोर टाकला म्हणून परतलो. तेव्हा मशीन थांबलं की पहिला हात नांगराला, दुसरा दोरीला. आणि होडीत वल्ही हवीतच. माझी घरी पडवीत होती.

मशीन जुनं, पंधरा हॉर्सपॉवरचं, टू-स्ट्रोक आउटबोर्ड. दुसऱ्याच्या हातून घेतलेलं. त्याची खोड अशी की दहा-पंधरा मिनिटं झकास चालायचं, मग ठसका लागल्यासारखं करून गप्प व्हायचं. जरा वेळ गेला की पुन्हा सुरू. मी निकाल देऊन टाकला: कार्ब्युरेटर! कारण एवढंच, की कार्ब्युरेटर उघडताना मी कुणालातरी पाहिलं होतं, बाकी काही उघडताना पाहिलं नव्हतं.

तो मी दोनदा उघडला. पितळी जेटमध्ये बारीक तार घालून साफही केला, जे कधीच करू नये. तारेने भोक घासून मोठं होतं आणि पेट्रोलचं माप चुकतं. जेटला क्लीनरचा फवारा आणि हवा, एवढंच पुरतं. पण खरा पराक्रम पुढे आहे. जोडलेलं मशीन चालतं का हे बघायला मी ते अंगणात, लाकडी घोडीवर टांगून, पाण्याशिवाय सुरू केलं. जेमतेम अर्धं मिनिट. आवाज इतका सुरेख आला की शेजारचे काका चहा टाकून बघायला आले.

आउटबोर्डला रेडिएटर नसतो. खालच्या पायात, पंख्याच्या वर, एक रबरी इम्पेलर बसवलेला असतो. तो खाडीचं पाणी ओढून इंजिनाभोवती फिरवतो. तेच पाणी त्या रबराचं वंगणही. कोरडा फिरला की घासून तापतो आणि पाकळ्या तुटतात. दुसऱ्या दिवशी पाण्यात गेलो, मागच्या भोकातून येणारी बारीक धार आलीच नाही आणि मी ती बघितलीही नाही. या धारेला मेस्त्री जो शब्द वापरतात तो छापता येणार नाही, पण सुरू करताच आधी तीच बघायची. धार नाही तर मशीन लगेच बंद. मला कळलं ते रंग जळल्याच्या वासाने.

मेस्त्री आले. मशीन थांबायची ती खोड ऐकली. झाकण काढलं नाही, पाना मागितला नाही. विचारलं, “टाकीचो हवेचो स्क्रू उघडलंस काय रे?”

टाकीच्या झाकणावर तो छोटा स्क्रू असतो. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. स्क्रू बंद असला किंवा गंजून चिकटला असला की टाकीत पोकळी तयार होते आणि इंधनपंप ओढून दमतो. मशीन थांबल्यावर फटीतून थोडी हवा शिरते, म्हणून ते पुन्हा सुरू होतं. माझा स्क्रू गंजलेला होता. ओळखायची खूण नळीतल्या रबरी फुग्यात आहे: मशीन मरायला लागलं आणि फुगा चपटा झालेला दिसला, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीकडे. फुगा दाबल्यावर मशीन सावरलं तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. नळीची भेग, जोडाची रबरी रिंग, मग इंधनपंप, असं बघत या.

मशीन सुरूच होत नसेल तर त्याही आधी किल-स्विचची क्लिप बघा. हसू नका. मग ठिणगी: प्लग काढून त्याचं धातूचं अंग इंजिनाला टेकवून दोरी ओढा, मात्र आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको. नंतर इंधन. मे महिन्यातलं उरलेलं पेट्रोल नारळी पौर्णिमेला वापरू नये. हल्ली त्यात इथेनॉल असतं, ते पावसाळी हवेतलं पाणी धरतं. काचेच्या बाटलीत थोडं ओतून ठेवा, पाणी असेल तर तळाशी दिसेल. ऑइल पन्नासास एक असेल तर दहा लिटरला 200 मिली. पण जुन्या मशीनचं प्रमाण त्याच्या पुस्तकातूनच घ्या. घरी चालवायचं तर पिंपात, पाणी ओढायची जाळी बुडेल इतक्या गोड्या पाण्यात, न्यूट्रलला, उघड्यावर. खारं पाणीही तसंच धुऊन निघतं.

इम्पेलर नवा बसवला. पण तुटलेल्या पाकळ्या मोजल्याशिवाय मेस्त्रींनी पाय जोडू दिला नाही. तुकडा पाण्याच्या वाटेत अडकला तर नव्या इम्पेलरचा उपयोग नाही. सहापैकी तीन तुटल्या होत्या. एक पाण्याच्या पंपाच्या घरात सापडली, एक पार वर थर्मोस्टॅटपाशी. तिसरी दोन दिवस शोधली, वाटा उलट्या धारेने धुतल्या, नाही मिळाली. त्यामुळे खाडीत असलो की अजूनही दर दोन मिनिटांनी मी मागे वळून धार बघतो.