रात्री घरात चोर शिरला तर...



नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न हमखास निघतो : घरात शिरलेला चोर आपल्या हातून मेला, तर तो गुन्हा होतो का? याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क सांगितला आहे. हा हक्क स्वतःच्या तसेच दुसऱ्याच्या शरीराच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आहे.

मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी गुन्हा ठरत नाही, असे चार प्रसंग कलम ४१ मध्ये आहेत :

१) जबरी चोरी.
२) सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीची घरफोडी.
३) राहत्या घराला किंवा मालाच्या कोठाराला आग लावणे अथवा ते स्फोटकाने उडवणे.
४) प्रतिकार न केल्यास मृत्यू किंवा जबर दुखापत होईल, अशी वाजवी भीती निर्माण करणारी चोरी, नासधूस किंवा घरातील घुसखोरी.

साधी चोरी यात येत नाही. भरदुपारी अंगणातली सायकल पळवणाऱ्याला अडवता येईल. त्याचा जीव घेता येणार नाही.

कलम ३७ ची मर्यादा सर्वच प्रसंगांना आहे. बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पोलिसांचे संरक्षण मिळवण्याइतका वेळ असेल, तर हा हक्कच उरत नाही. पकडलेल्या चोराला खांबाला बांधून गल्लीने बडवणे हा बचाव नव्हे, गुन्हाच आहे.

माणूस घाबरलेला असतो, हेही न्यायालये जाणतात. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की जिवावर बेतले असता प्रत्येक घाव तोलून मापून घालण्याची अपेक्षा करता येत नाही.

कलम ३६ मधले एक उदाहरण मात्र सर्वांनी लक्षात ठेवावे. एक माणूस रात्री अशा घरात शिरतो, जिथे जाण्याचा त्याला हक्क आहे. घरातला माणूस प्रामाणिकपणे त्याला चोर समजून हल्ला करतो. हल्ला करणाऱ्याचा गुन्हा नाही. आणि आलेल्यालाही स्वतःला वाचवण्याचा तेवढाच हक्क आहे. म्हणजे दोघेही निर्दोष, तरी एकाचा जीव जाऊ शकतो.

पालकहो, उशिराच्या गाडीने आलेला, कुणाची झोपमोड नको म्हणून मागच्या दाराने येणारा आपलाच मुलगा डोळ्यांसमोर आणा. कायदा आपल्याला सोडील. आपले मन सोडील का? म्हणून आधी दिवा लावा, हाक मारा, शेजाऱ्यांना उठवा, ११२ क्रमांकावर कळवा. हात उचलणे हा शेवटचा उपाय.

घरी चर्चा करा : चोर माल टाकून भिंतीपलीकडे पळाला. आता त्याच्या पाठीत काठी घालणे हा बचाव की सूड?