अचानक बिघडलं तर वाट पाहू नका

आईचा अल्झायमर घराच्या अंगवळणी पडला होता. जेवून उठल्यावर ‘मला कुणी वाढलंच नाही’ म्हणणं, दिवेलागणीला माहेरी जायची घाई, हे सगळं काही वर्षांत हळूहळू वाढत गेलं. मग ऐन पावसाळ्यात एका रात्री तिचं भलतंच सुरू झालं. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून चादर झटकत बसली, वातात बरळावं तशी बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी हाका मारूनही डोळे उघडेना. भेटायला आलेले म्हणाले, ‘आजार वाढला, आता फक्त सेवा करायची.’ एका दवाखान्यातही तेच ऐकवलं आणि झोपेची गोळी लिहून दिली.

आईला सांभाळणाऱ्या मावशी मात्र म्हणाल्या, ‘ताई, कालपासून लघवी फार कमी झालीय.’ त्यांच्या त्या एका वाक्यावर तपासण्या झाल्या. मूत्रमार्गात संसर्ग होता, रक्तातलं सोडियम उतरलं होतं. ताप मुळीच नव्हता, आणि जळजळ होतेय हे सांगणं आईच्या हातात राहिलं नव्हतं.

अल्झायमर महिन्या-वर्षांच्या चालीने सरकतो. माणूस काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत पालटला, तर सगळं अल्झायमरवर ढकलू नका. अशा अचानक पालटण्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात, आणि त्याचं कारण बऱ्याचदा उपचार होण्याजोगं असतं: लघवीचा वा छातीचा संसर्ग, पोटात पाणी कमी जाणं, बद्धकोष्ठ, पडून लागलेला मार. नवीन औषधाकडेही बघा. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असतं. ते मेंदूतल्या अ‍ॅसिटिलकोलीनचं काम अडवतं. अल्झायमरमध्ये तेच द्रव्य आधी कमी पडलेलं असतं आणि ते टिकावं म्हणून तर डोनेपेझिल देतात! लघवी आवरण्यासाठीचं ऑक्सिब्युटिनिनही क्लोरफेनिरामिनसारखंच अडवणारं. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं.

डॉक्टरांना ‘आई विसरते’ एवढंच सांगितलं, तर पुढचं काही विचारलं जाईलच असं नाही. ‘परवापर्यंत स्वतःच्या हाताने जेवत होती, आज घास गिळत नाही’ असं नेमकं सांगा. घरातली सगळी औषधं, आयुर्वेदिक चूर्णांसकट, पिशवीत घालून न्या. लघवी, सोडियम, साखर तपासायची का, हे तुम्हीच विचारा. आणि दिवसभर जवळ असणाऱ्या मावशींना बरोबर न्या. त्यांना जे दिसतं ते नोकरीवरून संध्याकाळी परतणाऱ्या मुलांना दिसत नाही.

दाखल करावं लागलं तर चष्मा आणि कानाचं यंत्र घरी ठेवू नका. रात्री ओळखीचं माणूस उशाशी हवं. औषध लागू पडल्यावरही सुधारायला कित्येकदा आठवडे लागतात, कुणी पूर्वपदावर येतही नाही. आई पुन्हा हाताने जेवू लागली, जिना मात्र सुटला तो सुटलाच.

तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा माणूस जागंच होत नसेल, तर घरच्या डॉक्टरांच्या वेळेसाठी थांबू नका, १०८ ला फोन करा.