मैदान हेच देशाचं दार

प्रश्न : इंग्लंडमध्ये एक हंगाम क्लब क्रिकेट खेळायचं आहे. खेळाच्या धबडग्यात देश पाहणं राहून जाईल का?

उत्तर : उलट, क्लबमुळेच देश आतून कळतो. वेस्ट इंडीजचे क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९मध्ये लँकेशायर लीगसाठी नेल्सन या गावी आले आणि पुढं अनेक वर्षं त्या गिरणगावचेच झाले. दोन डावांमधल्या चहा-सँडविचवर, खेळपट्टीवर कव्हर ओढताना जी माणसं भेटतात, ती पर्यटकाला भेटत नाहीत. शनिवार-रविवार सामन्यांत जातील, हे खरं. पण एप्रिल ते सप्टेंबर आठवड्यातले मोकळे दिवस उरतात आणि गर्दीची वेळ टळली की रेल्वेचं तिकीटही स्वस्त पडतं. मात्र पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन हंगाम खेळता येत नाही. क्लबकडून अटी लेखी घ्या, मगच तिकीट काढा.