पुरुषांचा रोजगार : बदलते उद्योग आणि नोंदीची जबाबदारी

गावातील कर्ते पुरुष कोणत्या उद्योगात काम करतात, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. ग्रामीण भागात त्याचे उत्तर बहुधा ‘शेती’ असेच दिले जाते. तथापि गेल्या सुमारे पन्नास वर्षांत हे उत्तर उत्तरोत्तर अपुरे ठरत गेले आहे. ते का, आणि अपुऱ्या उत्तरामुळे कोणाचे नुकसान होते, याचा विचार अधिकारी, जनगणनेचे काम करणारे शिक्षक व पंचायतींचे सदस्य यांनी करणे अगत्याचे आहे.

उद्योग आणि व्यवसाय

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. माणूस स्वतः जे काम करतो तो त्याचा व्यवसाय. ज्या ठिकाणी तो राबतो तेथे जी वस्तू तयार होते किंवा जी सेवा दिली जाते, तो त्याचा उद्योग. एस. टी.चा चालक आणि साखर कारखान्याच्या नोकरीतील चालक यांचा व्यवसाय एकच आहे. परंतु पहिला परिवहन उद्योगात मोडतो, तर दुसरा वस्तुनिर्माण उद्योगात.

१९६१ च्या जनगणनेत काम करणाऱ्यांचे नऊ वर्ग पाडण्यात आले होते. शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, कारखानदारी, बांधकाम, व्यापार, वाहतूक असे ते वेगवेगळे दाखविले जात. २००१ व २०११ च्या प्राथमिक तक्त्यांत मात्र चारच वर्ग आढळतात : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि इतर कामगार. या ‘इतर’ वर्गात शिक्षक, गवंडी, हमाल व कारखान्यातील कामगार असे सर्वच येतात. म्हणून जुन्या व नव्या तक्त्यांची तुलना करताना वर्ग तेच आहेत किंवा कसे, हे आधी पाहावे.

आकडे काय सांगतात

राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार १९७७-७८ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातील दर १०० कामकरी पुरुषांपैकी सुमारे ८१ शेती व तत्सम कामांत होते. १९९३-९४ मध्ये हे प्रमाण ७४, २०११-१२ मध्ये ५९ आणि २०१७-१८ च्या श्रमबल पाहणीत ५५ झाले.

शेतीबाहेर पडलेले हे पुरुष कोठे गेले? ते कारखान्यांत गेले असावेत, असा समज होणे साहजिक आहे. परंतु वस्तुनिर्माण उद्योगातील ग्रामीण पुरुषांचे प्रमाण १९७७-७८ मध्ये सुमारे ६ होते, ते २०११-१२ मध्ये केवळ ८ झाले. याच काळात बांधकामातील प्रमाण २ हूनही कमी होते, ते १३ वर पोहोचले. म्हणजे नांगर सोडलेला हात यंत्रावर फारसा गेला नाही. तो थापी-घमेल्याकडे अधिक वळला.

ही वाटचाल एकाच दिशेने झाली असेही नाही. २०१८-१९ मध्ये शेतीतील ग्रामीण पुरुषांचे प्रमाण ५३ होते. टाळेबंदीच्या २०१९-२० या वर्षात ते ५५ वर गेले. शहरातील काम बंद पडताच माणूस गावाकडे व शेतीकडे परततो, हे त्यावरून दिसून येते.

गिरणगावाचा धडा

महाराष्ट्राला या बदलाचा अनुभव पूर्वीपासून आहे. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे रत्नागिरी, सातारा आदी जिल्ह्यांतील हजारो पुरुष गिरण्यांत आले. कुटुंब गावी आणि कमावता मुंबईत, अशी घरे मनीऑर्डरवर चालत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद झाल्या. मात्र कापड विणणे थांबले नाही. संपापूर्वीच सुरू झालेला यंत्रमागांचा विस्तार भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे पुढे वाढत गेला. कापड उद्योग टिकला. पण हजेरीपटावरील कायम नोकरी आणि तिच्याबरोबर मिळणारे भविष्य निर्वाह निधीसारखे संरक्षण पुष्कळांच्या वाट्यास आले नाही. उद्योगाच्या नावाबरोबर कामाचे स्वरूपही पाहावे लागते, ते यासाठीच.

नोंद चुकली तर

बांधकामावरील मजुराची नोंद ‘शेती’ अशी झाली, तर तो कागदावर शेतकरी राहतो. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम कामगारांच्या नोंदणीची व कल्याणनिधीची तरतूद केली आणि त्यासाठी वर्षात किमान ९० दिवस काम केल्याची अट घातली. ज्याचे काम कोणत्याही कागदावर नाही, त्याला अपघातप्रसंगी हा दाखला कोण देणार?

दुसरी बाजू घरी राहणाऱ्या स्त्रीची. ग्रामीण कामकरी स्त्रियांपैकी २०१७-१८ मध्येही १०० पैकी सुमारे ७३ शेतीतच होत्या. पुरुष बाहेर गेला की पेरणी, खुरपणी व जनावरे तिच्याकडे येतात. सातबारा मात्र बहुधा पुरुषाच्या नावे असतो. पीककर्ज व नुकसानभरपाई यांच्या वेळी ही अडचण उभी राहते.

ऊसतोडणी कामगारांचे उदाहरणही बोलके आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात, म्हणजे ऐन गाळप हंगामात झाली. त्या वेळी फडावर असलेले कुटुंब गावच्या यादीत सापडणे कठीण.

आपले कर्तव्य

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी जून २०२५ मध्ये जाहीर झाली. प्रगणक शिक्षकांनी ‘काय करता?’ एवढेच विचारून थांबू नये. गेल्या वर्षभरात कोणते काम, किती महिने व कोठे केले, हे विचारावे. घरातील स्त्रीला तिच्या कामाविषयी स्वतंत्रपणे विचारावे. ग्रामपंचायतीने बाहेरगावी जाणाऱ्यांची नोंदवही ठेवली, तर नोंदणी, मुलांची शाळा व शिधापत्रिका यांचे प्रश्न वेळीच सुटू शकतील.

तक्त्यातील प्रत्येक आकड्यामागे एक घर असते. तो आकडा प्रथम गावात, एखाद्या शिक्षकाच्या किंवा ग्रामसेवकाच्या हातून लिहिला जातो. तो खरा असेल, तरच त्यावर आधारलेली योजना योग्य माणसापर्यंत पोहोचेल.