त्यांना हे कुठून कळलं?

पत्रकारांची चरित्रं ऑनलाइन विश्वकोशासाठी लिहिताना सर्वांत जास्त सांभाळून वाचावी लागतात ती वर्तमानपत्रंच. एका दिवंगत जिल्हा संपादकांवर मी नोंद लिहायला घेतली, तेव्हा त्यांच्या निधनाची बातमी अनेक दैनिकांत आलेली होती आणि सगळीकडे ‘साप्ताहिकाचे संस्थापक संपादक’ असंच छापलेलं. एवढे संदर्भ पुरेत, असं कुणालाही वाटावं. पण वाक्यं शब्दशः सारखी होती. जन्मगावाच्या नावातली छपाईची चूकसुद्धा तीच. घरून आलेलं एकच टिपण सगळ्यांनी लावलं होतं. ग्रंथालयातून साप्ताहिकाचे जुने अंक काढून पाहिले, तर पहिल्या वर्षी संपादक म्हणून दुसऱ्याच गृहस्थांचं नाव. तेव्हापासून नव्याने लिहिणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो: ज्यांनी हे छापलं, त्यांना ते कुठून कळलं?

मूळ अंक हाती आला म्हणजे काम संपलं, असंही नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचं, सुरुवातीचे अग्रलेख मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते, त्यामुळे स्वतःचं नाव घालणं अवघड होतं. नुसत्या छापील नावावर विसंबलात तर बाबासाहेब दिसेनासे होतात. नुसत्या ऐकीव माहितीवर विसंबलात तर भटकर.

हयात माणसाच्या बाबतीत तर फार जपा. अमेरिकी पत्रकार जॉन सीगनथॉलर यांच्या विकिपीडियावरच्या चरित्रात २००५ साली कुणीतरी धादांत खोटं लिहिलं, की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. सीगनथॉलर हे रॉबर्ट केनेडींचे सहकारी, त्यांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांपैकी एक. तो मजकूर मे ते सप्टेंबर तसाच राहिला, दुसऱ्या संकेतस्थळांनीही उचलला. त्या उचललेल्या पानाचाच संदर्भ कुणी दिला असता, तर खोट्याला खोट्याचाच पुरावा मिळाला असता.

पत्रकाराचा लेख त्याच्या मतांसाठी खुशाल वापरा. त्याच्या थोरवीसाठी त्याच्याच दैनिकातला गौरवलेख चालणार नाही, आणि प्रतिस्पर्धी दैनिकातली टीका त्याच्या दोषांसाठीही नाही. गुन्हा दाखल झाल्याची बातमी सापडली, तर निकाल काय लागला ते शोधल्याशिवाय ओळ लिहू नका.

काही गोष्टींचा छडा लागतच नाही. बाळशास्त्री जांभेकरांची जन्मतारीख कुठे ६ जानेवारी १८१२, तर कुठे २० फेब्रुवारी १८१२ अशी मिळते. ६ जानेवारी हा त्यांच्याच ‘दर्पण’ या वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाचाही दिवस, १८३२ सालचा, त्यामुळे ती तारीख वाचली की मी जास्तच बारकाईने पाहतो. अशा वेळी रकाना भरायचा म्हणून एक तारीख निवडू नका. दोन्ही लिहा आणि प्रत्येकीपुढे ती कुणी दिली आहे, ते नोंदवा.