पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?



शाळेसाठी दुर्बीण घ्यायची म्हणून सातवीच्या मुलांनी वर्गणी जमवायला सुरुवात केली आहे. कुणी खाऊचे पैसे दिले, कुणी आजीने जत्रेसाठी दिलेली नोट तशीच आणून दिली. हे पैसे एखाद्या रंगीत खोक्याला भुलून वाया जाऊ नयेत. तेव्हा खरेदीच्या आधी थोडा अभ्यास करू. गणित लागेल, पण ते तुमच्या पुस्तकातलंच आहे.

दुकानात दुर्बिणीचं जे खोकं असतं त्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं, '६७५ पट मोठे दिसते!' हा आकडा येतो कुठून ते पाहा. दुर्बिणीला पुढच्या टोकाला मोठं भिंग असतं, त्याला वस्तुभिंग म्हणतात. डोळ्याजवळ लहान भिंग असतं, ती नेत्रिका. वस्तुभिंगाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागलं की वस्तू किती पट मोठी दिसेल ते कळतं. समजा वस्तुभिंगाचं अंतर ९०० मिलिमीटर आणि नेत्रिकेचं ४. म्हणजे ९०० ÷ ४ = २२५ पट. सोबत तिप्पट करणारं एक जोडभिंग दिलेलं असतं. २२५ × ३ = ६७५. झालं, आकडा तयार! हिशेब खरा आहे, पण उपयोग शून्य. असल्या दुर्बिणीचं वस्तुभिंग बहुधा ६० मिलिमीटर रुंदीचं असतं. आणि नियम असा, की भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये जेवढी, तिच्या साधारण दुप्पट पटीपर्यंतच चित्र स्पष्ट राहतं. म्हणजे इथे १२० पट. त्यापुढे चित्र मोठं होतं, पण अंधूक होत जातं. पातळ ताकात अजून पाणी घातलं तर तांब्या भरतो, ताक वाढत नाही. तसंच हे.

म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न 'किती पट?' असा विचारू नका. 'भिंग किती रुंद?' असं विचारा. आकाशातल्या वस्तू लहान असतात त्यापेक्षा त्या मंद असतात ही खरी अडचण आहे. दुर्बिणीचं मुख्य काम उजेड गोळा करणं. काळोखात तुमच्या डोळ्याची बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटरचं भिंग तिच्या दहापट रुंद. पण उजेड दहापट मिळत नाही, शंभरपट मिळतो, कारण क्षेत्रफळ रुंदीच्या वर्गाप्रमाणे वाढतं. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर पाणी कशात जास्त जमेल?

दुसरी गोष्ट स्टँडची, आणि माझ्या मते ती भिंगाइतकीच महत्त्वाची आहे. स्वस्त दुर्बिणीत पैसे वाचवले जातात ते इथेच. काड्यांसारखे पाय असले की वाऱ्याच्या झुळकीनेही चंद्र नाचायला लागतो. घेण्याआधी दिवसा एखादं लांबचं देवळाचं शिखर धरा, नळीला बोटाने हलकी टिचकी मारा आणि मनात आकडे मोजा. तीन म्हणेपर्यंत चित्र स्थिर झालं पाहिजे. नाही झालं तर खुशाल परत द्या, लाजायचं काही कारण नाही.

आता कोणती घ्यावी? आरशाची मोठी दुर्बीण उत्तमच. अमेरिकेत जॉन डॉबसन नावाच्या गृहस्थांनी अशा दुर्बिणींसाठी लाकडी खोक्यासारखी साधी बैठक प्रचारात आणली. ती गावातला सुतारही करू शकेल. परंतु आरसा मात्र चांगला लागतो आणि तो महाग पडतो. आपल्या वर्गणीत बसेल ती ७० मिलिमीटरची भिंगाची दुर्बीण, नाही तर १० × ५० ची द्विनेत्री. (यातले १० म्हणजे पट आणि ५० म्हणजे भिंगाची रुंदी.) माझं मत द्विनेत्रीकडे झुकतं. तिला स्टँडची कटकट कमी, आकाशाचा मोठा तुकडा एकदम दिसतो आणि दिवसा तळ्यावरचे पक्षीही बघता येतात. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात दिसणाऱ्या कृत्तिका तिच्यातून डझनांनी दिसतात. पण शनीची कडी पाहायची तर द्विनेत्री पुरत नाही, तिथे दुर्बीणच हवी. २०२५ साली या कड्यांची कड आपल्याकडे वळली होती, त्यामुळे त्या रेघेसारख्या दिसल्या. आता त्या हळूहळू पुन्हा उघडत आहेत.

ज्यांना घरीच करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी एक युक्ती. चष्म्याच्या दुकानात अधिक एक नंबरचं भिंग मागा. त्याचं नाभीय अंतर एक मीटर असतं. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ते पाचपट दाखवणारं भिंग साधारण ५ सेंटिमीटरचं. १०० ÷ ५ = २० पट. पुठ्ठ्याच्या दोन नळ्या एकीत एक सरकतील अशा करा, आतून काळा कागद लावा. पुढच्या भिंगावर मधोमध तीन सेंटिमीटरचं भोक असलेला पुठ्ठा बसवा, नाही तर कडांना रंगाची झालर दिसते. चित्र उलटं दिसेल. चंद्राला त्याने काय बिघडतं? १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओने गुरूचे चंद्र पाहिले ते सुमारे २० पटीच्याच दुर्बिणीतून.

आपला भाग आकाश पाहायला वाईट नाही बरं का! परंडा तालुक्याच्या शेजारी करमाळा तालुका आहे, त्यातल्या जेऊरला २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं. सुमारे दोन मिनिटांच्या काळोखासाठी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. जपानहून एक तुकडी आली होती आणि पुण्याहून प्राध्यापक कावसजी नायगमवाला आले होते. हिवाळ्यातलं आपलं कोरडं, स्वच्छ आकाश अशा कामाला फार चांगलं.

आणखी एक गंमत. धाराशिवहून ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून सुमारे १८ अंश वर दिसतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे १० अंश, तेव्हा दोन मुठींना थोडा कमी. फेब्रुवारीत रात्री दक्षिणेला अगस्त्य चढतो, तोही जवळजवळ तेवढाच वर. युरोपातल्या बहुतेक देशांतून तो दिसतच नाही. मे महिन्यात दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी नावाचा ताऱ्यांचा गोळा द्विनेत्रीतून कापसाच्या बोंडासारखा दिसतो, तोही तिकडच्यांना नाही. मात्र दुर्बीण यायच्या आत मृग, रोहिणी, व्याध, सप्तर्षी, शर्मिष्ठा ही ओळखता आलीच पाहिजेत. पत्ता माहीत नसेल तर दुर्बीण कुणाच्या दारात न्यायची?

एक सक्त ताकीद. सूर्याकडे दुर्बीण कधीही, क्षणभरही वळवायची नाही. नेत्रिकेवर बसवायची काळी काच काही खोक्यांत मिळते. ती उष्णतेने तडकते आणि डोळा कायमचा जातो. तशी काच निघाली तर सरांकडे जमा करा. लहान भावंडांच्या हाती दिवसा दुर्बीण एकटी देऊ नका.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आभाळ झाकलेलं असतं. त्या दिवसांत दमट हवेने भिंगावर बुरशी धरते. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, त्या टाकू नका, दुर्बिणीच्या पेटीत ठेवा. भिंगावर धूळ बसली तर सदऱ्याच्या टोकाने पुसायची नाही. मऊ ब्रशने झटकायची.